काढले, पण कशासाठी?

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून कुणाला काढले की पडद्यावर एक बारीक ओळ उमटते: अमुकने तमुकला काढले. काढणाऱ्याचे नाव दिसते, काढलेल्याचे नाव दिसते. कारण मात्र कुठेच दिसत नाही. जून २०२३ मध्ये एका रात्री अशीच एक ओळ माझ्या बोटाने उमटली. त्या ओळीने पुढच्या आठ दिवसांत काय केले आणि त्यातून मी काय शिकलो, ते या वेळी लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम गाळले आहेत. ज्या दोघांशी या गोष्टीचा संबंध आहे, त्या दोघांनाही हे संपादकीय आधी वाचून दाखवले आहे. दोघांनी प्रत्येकी एक वाक्य काढायला सांगितले, ती दोन्ही वाक्ये काढली.

पलूसमधला आमचा ग्रुप महापुरात जन्मला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने तालुक्यातली नदीकाठची गावे वेढली. ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. त्या दिवसांत कुठे पाणी किती चढले, कुठे जेवण पोचले नाही, कुणाच्या घरी औषध लागते, हे सगळे आम्ही मोबाईलवर एकमेकांना कळवत होतो. पाणी ओसरले, ग्रुप राहिला. मग त्यावर रक्तदात्यांच्या याद्या येऊ लागल्या, शिष्यवृत्तीच्या तारखा, रेशन कार्डाच्या अडचणी, भरतीच्या जाहिराती. मोहल्ल्यातली पोरे होती तशी कॉलेजला जाणाऱ्या मुलीही होत्या. सदस्य चारशेच्या घरात गेले. अॅडमिन तिघे, आणि तिघेही पुरुष. तेव्हा ते आम्हाला खटकले नव्हते.

त्या उन्हाळ्यात आम्ही शिष्यवृत्तीचे मार्गदर्शन शिबिर घेतले. आलेल्या मुलामुलींची नावे, गाव, शिक्षण आणि मोबाईल नंबर अशी यादी मी तयार केली आणि सगळ्यांना सोयीची पडावी म्हणून ती ग्रुपवर टाकून दिली. या प्रकरणातली पहिली चूक हीच, आणि ती माझी. पुढे जे घडले त्याची सुरुवात एका मुलाच्या खोडसाळपणाने झाली असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. तसे नव्हते. सुरुवात त्या यादीने झाली.

त्या यादीतून एका मुलाने एका मुलीचा नंबर घेतला आणि रात्री मेसेज करू लागला. तिने एकदा स्पष्ट शब्दांत थांबायला सांगितले. त्यानंतरही मेसेज आले. तिने स्क्रीनशॉट काढून मला पाठवले आणि खाली लिहिले, ‘भाईजान, माझे नाव कुठे येऊ देऊ नका. घरी कळले तर माझे कॉलेज बंद होईल.’ मुलगी विशीतली, शेवटच्या वर्षाला. तिची भीती खोटी नव्हती. आपल्यापैकी किती जणींचे शिक्षण अशा एका मेसेजवरून थांबले आहे, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

मी स्क्रीनशॉट पाहिले, राग आला आणि त्या मुलाला ग्रुपमधून काढले. त्याला काही विचारले नाही, काही सांगितले नाही. रात्री त्याचे फोन आले, ते उचलले नाहीत. ग्रुपवर तीनचार जणांनी विचारले, ‘कायकू निकाले उसको?’ मी उत्तर दिले नाही. मुलीला दिलेला शब्द पाळतो आहे, असे मला वाटत होते.

आता तारीख आठवा. ७ जून २०२३ ला कोल्हापूर पेटले होते. काही पोरांनी मोबाईलवर ठेवलेल्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. त्या आठवड्यात आपल्या भागात ‘पोराने काहीतरी केले’ याचा एकच अर्थ निघत होता. सकाळी चहाच्या टपरीवर गोष्ट तयार झाली होती: त्याने ‘तसला’ स्टेटस ठेवला होता, म्हणून मुसलमानांच्याच ग्रुपने त्याला काढले. त्या बारीक ओळीचा स्क्रीनशॉट दुपारपर्यंत दुसऱ्या गावच्या ग्रुपवर पोचला. संध्याकाळी त्याच्या खाली त्या मुलाचा फोटो आला. त्याच्या वडिलांचे छोटे दुकान दोन दिवस बंद राहिले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदारांनी, ते हिंदूच, पुढे होऊन सांगितले की पोराला आम्ही लहानपणापासून ओळखतो, चला, शटर वर करा. म्हणून निभावले.

त्या मुलाने कसलाही स्टेटस ठेवलेला नव्हता. त्याने जे केले होते ते वाईट होते, पण ते वेगळे होते. जे त्याने केले नव्हते त्याची शिक्षा त्याचे कुटुंब भोगत होते, आणि खरे काय ते मला एकट्याला माहीत होते. खरे सांगावे तर मुलगी ओळखू येणार. गप्प बसावे तर पोराच्या जिवाला धोका. मी गप्प बसलो.

त्याच वर्षी १० सप्टेंबरच्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त होऊन जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. पुसेसावळी आमच्यापासून फार लांब नाही. ती बातमी वाचताना मला ते बंद शटर आठवले. आपल्या समाजात ‘कारण न सांगता काढणे’ ही आज साधी गोष्ट राहिलेली नाही. कारणाची रिकामी जागा दुसरेच कुणीतरी भरून टाकते, आणि ते काय भरतील हे आपल्या हातात नसते.

ग्रुप चालवणारे मित्र यावर म्हणतात, ‘अरे, एवढा विचार कशाला? व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, कोर्ट थोडेच आहे?’ कायद्याच्या बाजूने पाहिले तर त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सदस्याने एका महिला सदस्याला अश्लील शब्द वापरले. अॅडमिनने त्याला काढले नाही, माफी मागायला लावले नाही, म्हणून अॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला तो रद्द केला. न्यायालय म्हणाले की अॅडमिनच्या हाती सदस्य घेणे आणि काढणे एवढेच मर्यादित अधिकार असतात. त्या सदस्याशी त्याचे आधीपासून संगनमत असल्याचे दिसत नसेल तर दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराचा गुन्हा त्याच्यावर लादता येत नाही.

म्हणजे कायद्याने अॅडमिनच्या खांद्यावरचे ओझे उतरवले. पण त्या निकालात सांगितलेल्या दोन अधिकारांकडे परत एकदा पाहा. घेणे आणि काढणे. मोठ्या शहरात एका ग्रुपमधून काढले तर माणूस दुसरा शोधतो. पलूस, तासगाव, विटा अशा गावांत मोहल्ल्याचा एकच ग्रुप असतो. मयताची खबर त्यावरच येते, नोकरीची जाहिरात त्यावरच, रक्त हवे असले तरी त्यावरच. तिथून काढणे म्हणजे निम्मे गाव बंद करणे. आणि गाव बंद करण्याचा इतिहास आपल्या समाजाला चांगला माहीत असायला हवा.

दाऊदी बोहरा समाजात ज्याच्यावर धर्मगुरूंची मर्जी फिरे त्याला ‘बराअत’ देऊन बिरादरीबाहेर काढले जाई. मग त्याच्या घरचे लग्न, मय्यत, धंदा, सगळ्याची दारे बंद. मुंबई राज्याने १९४९ मध्ये अशा बहिष्काराला मनाई करणारा कायदा केला. त्याला सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द ठरवला. धार्मिक कारणावरून बाहेर काढणे हा पंथाच्या अंतर्गत कारभाराचा भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश सिन्हा यांनी वेगळे मत नोंदवले. पुढे न्यायमूर्ती नथवाणी यांच्या आयोगाने १९७९ च्या अहवालात बहिष्कृत कुटुंबांचे हाल मांडले. असगर अली इंजिनियर यांनी तर या लढ्यात आयुष्य घालवले. १९६२ च्या त्या निकालाचा फेरविचार व्हावा का, हा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. जात पंचायत असो वा जमात, कुणाला वाळीत टाकले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. व्हॉट्सअॅप ग्रुपमधून एकाला काढणे म्हणजे या कायद्यातला बहिष्कार, असे मी म्हणत नाही. पण जी चळवळ जमातीच्या आणि जात पंचायतीच्या मनमानीविरुद्ध लिहिते, तिचा अॅडमिन बंद खोलीत एकट्याने निकाल देतो, आरोप सांगत नाही, म्हणणे ऐकत नाही, दाद मागायला जागा ठेवत नाही. मग त्याच्यात आणि पंचांच्यात फरक काय उरला? ‘आमचा हेतू चांगला होता’ हे पंचही म्हणतात.

आमच्या तालुक्यात कुंडल आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या आणि जी. डी. बापू लाडांच्या प्रतिसरकारचे ते मोठे केंद्र. १९४३ ते १९४६ या काळात त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत इंग्रजांचे कोर्ट बाजूला पडले आणि न्यायदान मंडळे भांडणे सोडवू लागली. जमिनीचे, कर्जाचे, नवऱ्याने टाकलेल्या बाईचे निकाल गावकऱ्यांसमोर लागत. त्या काळात ‘हा पोलिसांचा खबऱ्या आहे’ या आरोपाइतका घातक आरोप दुसरा नव्हता. तो ज्याच्यावर बसला त्याची खैर नसे. त्याला शिक्षा करणारे लोक कितीही प्रामाणिक असले, तरी आरोप खरा आहे की कुणी भाऊबंदकीचा डाव साधतो आहे, हे पाहणे त्यांना टाळता येत नव्हते. आज आपल्या पोरांवर ‘स्टेटस ठेवला’ हा आरोप तसाच घातक आहे. म्हणून आपल्याला त्या लोकांइतकीच, किंबहुना जास्त, काळजी घ्यायला हवी.

पण गावासमोरच्या न्यायाची एक मर्यादाही आहे, आणि इथे आपल्यातल्या अनेकांची गफलत होते. पारदर्शकता म्हणजे सगळे सगळ्यांसमोर, असे काहींना वाटते. ‘लपवायचे काय आहे? स्क्रीनशॉट टाका ग्रुपवर, लोकच ठरवतील.’ हे ऐकायला धाडसी वाटते. प्रत्यक्षात यात सर्वांत जास्त सोसावे लागते ते तक्रार करणारीला. २०२१ च्या जुलैमध्ये आणि २०२२ च्या पहिल्या दिवशी मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी दोन अॅप निघाली होती. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुलींना गप्प करणे हाच त्यांचा हेतू होता. त्यांच्या विरोधात आपण सगळ्यांनी आवाज उठवला. मग आपल्याच ग्रुपवर आपल्याच मुलीचे नाव, नंबर आणि तिला आलेले मेसेज चारशे लोकांसमोर मांडायचे? पुढची मुलगी तक्रार करील का?

खासगीपणा ही काही पश्चिमेकडून आलेली चैन नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला तो मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले. त्याच्या कितीतरी आधी आपल्या घरांत हे शिकवले गेले आहे की दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नये, कुणाच्या मागावर राहू नये, पाठीमागे निंदा करू नये. गीबत आणि बोहतान यांतला फरक मदरशात जाणाऱ्या लहान पोरालाही सांगता येतो. पाठीमागे बोललेले खरे असेल तर ती गीबत, खोटे असेल तर बोहतान. माझ्या गप्प बसण्याने त्या मुलावर बोहतान आले. मी स्क्रीनशॉट टाकले असते तर मुलीच्या वाट्याला गीबत आली असती. खलिफा उमर यांची एक गोष्ट सांगितली जाते. भिंत चढून त्यांनी एका माणसाला गुन्हा करताना पकडले. तो म्हणाला, माझी चूक एक, तुमच्या तीन: तुम्ही हेरगिरी केली, दाराने आला नाहीत, परवानगी घेतली नाहीत. खलिफा त्याला सोडून परत गेले. गुन्हा शोधण्याची रीत चुकली की शोधणाराही दोषी ठरतो, हे त्या गोष्टीचे सार आहे.

मग मधला रस्ता कोणता? मला तो आपल्याच देशाच्या एका कायद्यात सापडला. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी २०१३ मध्ये कायदा झाला. त्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रार करणारी, जिच्या किंवा ज्याच्यावर तक्रार आहे ती व्यक्ती आणि साक्षीदार यांची ओळख, तसेच चौकशीतला मजकूर प्रसिद्ध करायला बंदी आहे. मात्र त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, ओळख उघड न करता, न्याय मिळाला याची माहिती लोकांना देता येईल. शिवाय किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या याचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. चौकशी समितीची प्रमुख स्त्री असते, निम्म्याहून कमी नसतील इतक्या स्त्रिया तिच्यात असतात, एक सदस्य बाहेरचा असतो. चौकशीला ९० दिवसांची मुदत आहे. निकाल मान्य नसेल तर अपील आहे.

या कायद्याने गुंता सोडवला आहे. माणसे झाकायची, पद्धत उघडी ठेवायची. मी नेमके उलटे केले होते. काढलेल्या मुलाचे नाव उघडे टाकले आणि कारण, पद्धत, नियम सगळे झाकून ठेवले.

मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांनाही २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी काहीशी अशीच अट घातली आहे. त्यांनी नियमभंगावरून स्वतःहून कुणाचा मजकूर हटवला तर आधी त्याला कारण कळवायचे आणि त्याचे म्हणणे मांडायची संधी द्यायची. फेसबुकने आपला फोटो काढला की आपण चिडून विचारतो, कारण सांगा. तोच प्रश्न आपल्या ग्रुपमधल्या पोराने आपल्याला विचारला तर तो उद्धट ठरतो.

त्या प्रकरणानंतर आम्ही पलूसमध्ये नियम लिहून काढले. ते परिपूर्ण नाहीत. तरी इतर गावांतल्या मित्रांना उपयोगी पडावेत म्हणून सांगतो.

नियम आधी लिहायचे. ग्रुपमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी दिसले पाहिजेत. काय चालणार नाही, चालले नाही तर काय होईल, दाद कुणाकडे मागायची. पानभर पुरे.

एकट्याने काढायचे नाही. रात्री तातडीने कुणाला थांबवावे लागले तर थांबवावे, पण तीन दिवसांत तिघांनी बसून ठरवायचे आणि त्या तिघांत किमान एक मुलगी हवी. आता आमच्या पाच अॅडमिनपैकी दोन मुली आहेत. सांगायला लाज वाटते, पण त्या आल्यावर तक्रारी वाढल्या. आधी त्या नव्हत्या असे नाही, आमच्यापर्यंत येत नव्हत्या.

ज्याच्यावर तक्रार आहे त्याला काय तक्रार आहे ते सांगायचे आणि त्याचे ऐकायचे. तक्रार कुणाची ते शक्य तिथे सांगायचे नाही. मेसेजसारख्या प्रकरणात त्याला ते कळणारच. म्हणून आधी तक्रार करणाऱ्या मुलीला विचारायचे, आणि त्याला ताकीद द्यायची की तिच्याशी संपर्क केला तर प्रकरण आमच्या हातात राहणार नाही.

कारवाईला मुदत हवी. समज देणे, ३० दिवस बाहेर ठेवणे, सहा महिने बाहेर ठेवणे. कायमचे काढणे शेवटी, आणि तेही पाचही जणांच्या सहमतीने. निकाल मान्य नसेल तर ग्रुपबाहेरच्या दोन जाणत्या माणसांकडे जाता येते. त्यातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी आजवर आमचे दोन निर्णय फिरवले.

ग्रुपला सांगायचे, पण मोजके. आता एखाद्याला थांबवले तर आम्ही अशी नोंद टाकतो: ‘एका सदस्याला तक्रारीवरून ३० दिवसांसाठी थांबवले आहे. तक्रार कोणत्याही सार्वजनिक मजकुराची किंवा स्टेटसची नाही. चर्चा करू नये.’ टाकण्याआधी हा मजकूर दोन्ही बाजूंना वाचून दाखवतो. त्या जूनमध्ये मी एवढ्या तीन ओळी लिहिल्या असत्या तर ते शटर बंद पडले नसते. मुलीचे नावही कुठे आले नसते.

दर तीन महिन्यांनी आकडा सांगायचा. तक्रारी किती आल्या, कोणत्या प्रकारच्या, काय झाले. नावे नाहीत. गाव लहान आहे, म्हणून एकाच प्रकारची एकच तक्रार असेल तर तिचा प्रकारही सांगत नाही, ‘इतर’मध्ये धरतो.

स्क्रीनशॉट दोघांकडेच राहतात आणि प्रकरण मिटले की सहा महिन्यांनी पुसले जातात. तक्रार करणाऱ्या व्यक्तीची ठेवायची इच्छा असेल तर ते तिच्याकडे राहतात. आणि याद्या? मोबाईल नंबरांची कुठलीही यादी आता ग्रुपवर पडत नाही. ज्याचे काम त्याला वेगळा मेसेज जातो.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. जो गुन्हा आहे त्याला आपल्या चौकशीने झाकायचे नाही. नको म्हटल्यावरही एखाद्या स्त्रीला पुन्हा पुन्हा मेसेज करणे हा भारतीय दंड संहितेत २०१३ पासून गुन्हा होता आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली आहे. तक्रार करायची की नाही हे सज्ञान मुलीने ठरवायचे. पण तो रस्ता आहे, आणि ती गेली तर आम्ही तिच्यासोबत आहोत, हे तिला सांगणे आमचे काम. मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखाली असेल आणि प्रकार लैंगिक असेल, तर तिथे आम्हाला निवडच नाही. पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवावेच लागते. ‘समाजाची बदनामी होईल’ हे कारण तिथे चालणार नाही, आणि चालता कामा नये.

बदनामीचा हा मुद्दा वडीलधारे अजूनही काढतात. ‘बाहेर आधीच आपल्यावर टपून बसलेत. आपल्यात तक्रारी आहेत हे आकड्यानिशी कशाला सांगता?’ त्यांची भीती मला कळते. २०२३ ची भीती मी जवळून पाहिली आहे. पण त्या पोराला आमच्या आकड्यांनी अडचणीत आणले नव्हते. अडचणीत आणले ते माझ्या मौनाने. ज्या ग्रुपचे नियम सगळ्यांना माहीत आहेत, त्याच्यावर बाहेरून कुणी गोष्ट रचली तर तिला उत्तर देता येते. आमच्याकडे त्या वेळी दाखवायला काहीच नव्हते. नियम नव्हता, नोंद नव्हती, निकालही नव्हता. होता फक्त एका माणसाचा राग.

त्या मुलाशी मी बोललो, पण महिनाभर उशिरा. त्याने मेसेज केल्याचे कबूल केले. मुलीची माफी मागायची तयारी दाखवली. ती म्हणाली, माफी नको, मला त्याच्याशी बोलायचेच नाही. तिचे म्हणणे त्याला कळवले. मग आम्ही त्याला सांगितले की तू सहा महिने बाहेर राहशील, तू जे केलेस त्यासाठी. आणि तू जे केले नाहीस त्याबद्दल आम्ही ग्रुपवर तुझे नाव न घेता लिहू, की त्या जूनमधल्या कारवाईचा कसल्याही स्टेटसशी संबंध नव्हता आणि तसा समज होऊ दिल्याबद्दल अॅडमिन माफी मागतो. ते मी लिहिले. माझे नाव घालून लिहिले.

त्या मुलीचे कॉलेज बंद पडले नाही. परीक्षा देऊन ती आता नोकरी करते. तो मुलगा सहा महिन्यांनी ग्रुपवर परत आला. तो बोलत नाही, पण रक्ताची गरज लागली की पहिल्या पाचांत त्याचे उत्तर येते. दोघेही एकाच ग्रुपवर आहेत आणि कोण कोण आहे ते ग्रुपमधल्या कुणाला माहीत नाही.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या ग्रुपचे अॅडमिन आहेत. मोहल्ल्याचा, कॉलेजचा, क्रिकेटच्या टीमचा. आज रात्री एक काम करा. ग्रुपच्या माहितीत जाऊन गेल्या दोन महिन्यांत कोण कोण बाहेर गेले ती यादी पाहा. ज्याला तुम्ही काढले असेल त्याला स्वतःला कारण माहीत आहे का, हे आठवून बघा. माहीत नसेल तर फोन करा. मी उशीर केला होता. तुम्ही करू नका.